बाबाईच्या खड्ड्यात खारं पाणी कुणी आणलं

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "काका, बोअरवेलच्या धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा. लोकांना आवडतात." गमतीचे अनुभव माझ्याकडे पोतंभर आहेत. पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ ताठ उभा राहिला, त्या जागी तीनशे फूट नुसता धुरळा निघाला, आणि मालकाच्या आईनं पाणाड्याला सोडून मलाच शिव्या घातल्या, असले. ते मी लग्नाच्या पंगतीत सांगतो आणि लोक हसतात. इथे मात्र एकच गोष्ट लिहिणार आहे आणि तिच्यात हसण्यासारखं फार नाही. संपादकांना चालत नसेल तर त्यांनी पान कोरं सोडावं.

माझं गाव मुरबाड तालुक्यात, धसईच्या पलीकडे. धंदा शहापुरात. तीसेक वर्षं मी या दोन तालुक्यांत जमिनीला भोकं पाडली. बाहेरच्यांना वाटतं, इकडे मोठमोठी धरणं, मग बोअर लागतेच कशाला? अहो, धरणातलं पाणी शहराला जातं. वरच्या पाड्यांवर होळी झाली की हंडे रांगेत. आमच्याकडे मुरमाखाली काळा कातळ आणि त्या कातळात पाणी असतं ते फटीत. फट लागली तर नशीब. शंभर फुटांवर नाही लागली, तर दोनशेवर जायचं. दोनशेवर नाही, तर तीनशे. आमच्या धंद्याचं सगळं शास्त्र दोन शब्दांत मावतं: अजून खाली.

या धंद्यात आणखी एक गोष्ट शिकलो, तीही सांगून टाकतो. धसईकडच्या एका ठाकरवाडीच्या वर कुणा शहरवाल्याचं फार्महाऊस होतं. तिथे मी बोअर मारली. पाणी असं लागलं की गाडीवाला नाचला. पुढच्या उन्हाळ्यात त्याच उतारावर काम होतं म्हणून गेलो, तर वाडीतली एक म्हातारी वाट अडवून उभी.

"दादा, तुमी वर बोर मारलीत नि आमचा झिरा गेला. माजी सासू पन त्याच झिऱ्याचं पानी पीत व्हती."

"आजी, बोअरचा काय संबंध? पाऊस कमी झालाय. पावसाला मी काय करू?"

म्हातारीनं वर बघितलं. आभाळ कोरडं ठणठणीत. "व्हय रे बाबा, पाऊस कमीच जाला," म्हणाली आणि हंडा घेऊन खाली गेली. पाऊस खरंच कमी झाला होता. पण झिरा माझ्या बोअरनं ओढला होता, हे मला तिच्याआधी कळलं होतं. ते वाक्य मी नंतर बऱ्याच ठिकाणी वापरलं. कधी खोटं पडलं नाही.

करोनाच्या आधीची गोष्ट. माझा एक जुना भागीदार फिजीत एका ठेकेदाराकडे होता. ठेकेदाराला लहान लहान बेटांवर सौर पंप बसवायचं काम मिळालं होतं आणि पंपाची नाडी कळणारा माणूस हवा होता. पोरं मोठी झाली होती, गुडघे अजून शाबूत होते. मी हो म्हटलं. बायको, सुमन तिचं नाव, पापड लाटत होती. तिनं विचारलं, "बेट म्हंजे? घारापुरीसारकं?"

"त्याच्याहून जरा लांब."

"येताना सुकट आना मग," म्हणाली.

देशाचं नाव किरिबास, नकाशावर किरिबाटी लिहितात तो. प्रशांत महासागराच्या मधोमध, मायक्रोनेशिया म्हणतात त्या भागात. मी डोंगरातला माणूस, आणि त्या बेटावर डोंगर सोडा, दगडसुद्धा नाही. पोवळ्याची वाळू आणि तिच्यावर नारळाची झाडं. एका बाजूला शांत खाडी, दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र, आणि मधे एवढीच जमीन की एका किनाऱ्यावर विडी पेटवली तर दुसऱ्यावर पोचेपर्यंत ती संपत नसे. पहिल्या आठवड्यात मला झोप येईना. पाठीमागे काहीतरी उंच असावं लागतं आपल्याला, हे तिथे गेल्यावर कळलं.

ठेकेदाराचा इंजिनीअर आपल्याकडचाच, तरुण होता, पण हुशार. त्यानं मला पहिल्या दिवशी समजावलं. या वाळूखाली पावसाचं गोडं पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगतं. वरणावर तूप तरंगावं तसं. चमच्यानं वरच्यावर अलगद काढलं तर तूप येतं. डाव खोल घातलात तर वरण. म्हणून विहीर खोल न्यायची नाही. पाणी जिथे लागेल त्या पातळीला आडवा चर खणायचा, त्यात भोकाचे पाईप टाकायचे आणि लहान पंपानं सावकाश ओढायचं. मी मान डोलावली. मनात म्हटलं, कालचं पोरगं मला पाणी शिकवतंय.

गावात माझ्या मदतीला ग्रामसभेनं दिलेला माणूस होता, तेबुआई. पन्नाशीचा, मिशन शाळेत शिकलेला, इंग्रजी माझ्याहून चांगलं. तोच माझा दुभाषी. आणि जेवायला मी जायचो नेइ रुटाकडे. नेइ म्हणजे बाईच्या नावाआधी मानानं लावतात ते. नेइ रुटा सत्तरीची विधवा होती, काटक, दात थोडे पण हसणं मोठं. तिचा एकुलता मुलगा योआने राजधानीच्या बेटावर बंदरात कामाला होता. दुसऱ्याच महिन्यात ती मला मुलगा म्हणायला लागली. मी पन्नाशी उलटलेला, टकलू. तिला त्याचं काही नव्हतं. मासे उकडून द्यायची, मी गपचूप सुमननं दिलेला मसाला वर भुरभुरवायचो, आणि एक दिवस तिनं बोट लावून चाटून बघितला. अर्धी डबी त्या दिवशी गेली.

गेली म्हणजे मागितली. तिथे एक रीत आहे, बुबुसी म्हणतात. नात्यातल्यानं, आपल्या माणसानं समोर बसून एखादी वस्तू मागितली की नाही म्हणायचं नाही. द्यायची, आणि तोंड वाकडं न करता द्यायची. तेबुआईच्या मेव्हण्यानं त्याची सायकल मागितली, याने दिली आणि स्वतः चालत कामावर आला. माझे गमबूट गेले, बॅटरी गेली, टोपी गेली. मी चिडलो तर तेबुआई म्हणाला, "तूही माग की." मी मागितलं तर चटई मिळाली, मासे मिळाले, एकदा तर डुकराचं पिल्लू मिळत होतं. हळूहळू कळलं की ज्या बेटावर एक वादळ कुणाचंही सगळं नेऊ शकतं, तिथे माणसं अशीच जगू शकतात. नाही म्हणणारा माणूस तिथे लाजेनं मरतो.

नेइ रुटाच्या घरामागे तिचा बाबाईचा खड्डा होता. बाबाई म्हणजे आपल्या अळूचा थोरला भाऊ. पानं माणसाहून उंच, खाली मांडीएवढा कंद. त्याला गोड्या पाण्यात पाय ठेवून उभं राहावं लागतं, म्हणून वाळू उकरून पाणी लागेपर्यंत मोठा खड्डा करतात. हा खड्डा तिच्या सासऱ्याच्या आज्यानं खणलेला. प्रत्येक रोपाभोवती बिनबुडाची विणलेली टोपली, टोपलीत कुजवलेला पाला आणि माती. कोणता पाला, किती, कधी, हे प्रत्येक घराचं गुपित. दुसऱ्यानं काम करताना बघायचंही नाही. ती उजाडायच्या आधी खड्ड्यात उतरायची. मला एकदा वरून बघताना पकडलं तेव्हा पाल्याची मूठ भिरकावली होती. ही बाबाई रोज खायची नाही. लग्न, मयत, मुलीला न्हाण, पोराचा पहिला वाढदिवस, अशा वेळी ती मानेआबात, म्हणजे गावाच्या मोठ्या सभाघरात, मांडायची. ज्याचा कंद मोठा त्याच्या घराचा मान मोठा. योआने बंदरावर गेला त्या वर्षी लावलेले दोन कंद ती त्याच्या लग्नासाठी राखून होती. लग्न काही ठरत नव्हतं, आणि कंद वाढतच होते.

त्या वर्षी तिकडे पाऊस रुसला. नारळसुद्धा लहान पडायला लागले. गावच्या जुन्या विहिरी मचूळ झाल्या होत्या. मी गावाच्या टोकाला खणलेल्या चरात पाणी येई, पण दिवसभरात टाकीचा तळ ओला होण्यापुरतं. आणि उद्घाटनाला राजधानीहून माणसं येणार होती. ठेकेदार रोज फोनवर, टाकी भरली का, टाकी भरली का.

तेबुआई म्हणाला, "सगळ्यात जाड गोडं पाणी नेइ रुटाच्या जमिनीखाली आहे. खड्ड्याच्या बाजूला. पण ती देत नाही. आधी दोनदा सरकारी माणसं कागद घेऊन आली होती."

"नाही कशी म्हणाली? तुमच्यात तर नाही म्हणत नाहीत."

"कागदाला नाही म्हणता येतं," तो म्हणाला. "मुलाला नाही म्हणता येत नाही."

तो मला सल्ला देत नव्हता, नुसतं सांगत होता. पण मी धंदेवाला माणूस. दुसऱ्या दिवशी दुपारी तेबुआईला घेऊन तिच्या ओट्यावर जाऊन बसलो. ती टोपली विणत होती. मी रीतीप्रमाणे मांडी घातली, मान खाली घातली आणि जमीन मागितली. मुलगा म्हणून मागितली.

तिचे हात थांबले. मग विचारलं, "खड्ड्याला काही होणार नाही ना?"

"काही होत नाही. मी आयुष्यभर हेच केलंय."

"घे," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघून हसली. खोटं नव्हतं ते हसणं. मी तीन हातांवर बसलो होतो, मी बघितलंय. नंतर मासे वाढले.

चर खणला. पाणी छान गोड, पण संथ. उद्घाटनाला आठवडा राहिला आणि टाकी पाव भरलेली. इंजिनीअर दुसऱ्या बेटावर. त्या दिवशी भरती ओसरल्यावर मी चराच्या टोकाला, खड्ड्याच्या अंगाला, एक कूप चार हात खोल नेला, सिमेंटची कडी उतरवली आणि मोठा पंप थेट तळात सोडला. कुणाला विचारलं नाही. तूप आणि वरण मला आठवत नव्हतं असं नाही. पण पाणी कमी पडलं की माझे हात आपोआप खाली जातात. हातांना दोष देतोय बघा, अजूनही.

पाणी धो धो आलं. टाकी ओसंडली. उद्घाटनाला फुलांचे मुकुट, नाच, म्हाताऱ्यांची भाषणं. नेइ रुटाला मानेआबात पुढे बसवलं. जमीन देणारी म्हणून तिच्या नावानं प्रार्थना झाली. तिनं त्या दिवशी खड्ड्यातला एक कंद काढून गावाला वाढला. मला पहिला तुकडा. मी आतापर्यंत खाल्लेल्या कशासारखीच त्याची चव नव्हती.

पंधरा दिवसांनी चहा खारट लागला. माझ्याकडे पाण्यातला क्षार मोजायचं यंत्र होतं. आकडा चढत होता. पंप बंद करायला हवा होता, कूप बुजवायला हवा होता. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण बंद केला तर का केला हे सांगावं लागणार. मी रोज सकाळी आकडा बघायचो, आभाळ बघायचो आणि म्हणायचो, आज पाऊस पडेल. इंजिनीअरचा फोन आला. "कूप खोल तर नाही ना केलात, काका?" मी म्हटलं, "छे, वेड लागलंय का?"

मग बाबाईची पानं कडेनं करपली. एका सकाळी नेइ रुटा मला हाताला धरून घेऊन गेली. ज्या खड्ड्यात बघूसुद्धा देत नव्हती, त्यात मला उतरवलं. योआनेच्या लग्नाच्या दोन कंदांपैकी एक तिनं उकरला. हातात लगदा आला. कुजका, काळा. वास अजून माझ्या नाकात आहे. तिनं तो परत टोपलीत ठेवला आणि वरून पाला झाकला, मेलेल्या लेकराला पांघरूण घालावं तसा.

गावानं काय म्हणावं? गाव म्हणालं, म्हातारीनं मनातून दिलं नव्हतं. जिभेनं घे म्हणाली आणि पोटात नाही ठेवलं. अशा दानाला कीड लागते. त्या रविवारी चर्चमध्ये मोकळ्या मनानं देण्यावर बोलणं झालं. नाव कुणाचं घेतलं नाही, घ्यायची गरज नव्हती. तिला कुणी टाकून बोललं नाही, वाळीत टाकलं नाही. फक्त एक झालं. तिच्याकडे कुणी काही मागायला येईना. मीठ नाही, सुई नाही, नारळ नाही. संध्याकाळी ओट्यावर ती मागणाऱ्याची वाट बघत बसायची. ते बघणं मला सोसेना, म्हणून मी जेवायला उशिरा जायला लागलो. असला मी शूर.

शेवटी ती तेबुआईला घेऊन माझ्या खोलीवर आली. बसली नाही. उभ्यानं म्हणाली, "मी दिलं तेव्हा तू समोर होतास. माझं तोंड तू बघितलंस. मानेआबात सांग."

"सांगतो," म्हटलं. आणि खरंच सांगायला निघालो होतो मी.

मानेआबाला भिंती नसतात. मोठं खाली उतरलेलं छप्पर, कडेनं घराण्याघराण्यांच्या ठरलेल्या जागा, सगळे चटयांवर. मला मधे बसवलं. शंभर डोळे. नेइ रुटा मागच्या खांबाशी, पांढऱ्या झग्यात. बोलायला सुरुवात केली तेव्हा माझ्या तोंडात हेच होतं की पंप मी खोल टाकला. तेबुआई माझ्या तोंडाकडे बघत होता. आणि मला ठेकेदार दिसला, रद्द झालेलं काम दिसलं, धसईच्या नाक्यावर हसणारी माणसं दिसली. मी म्हटलं, "यात नेइ रुटाचा दोष नाही. तिनं मनापासून दिलं, मी साक्षी आहे. समुद्र वर येतोय. सगळ्या जगात येतोय. तो खालून तिच्या खड्ड्यात शिरला."

हे वाक्य मला शोधावं लागलं नाही. पाऊस कमी झालाय म्हणायची सवय होती, इथे समुद्र जास्त झालाय म्हटलं, एवढंच. आणि यातली खरी मेख अशी की ते खोटंही नव्हतं. समुद्र तिथे खरंच वर येतोय. बेटाच्या पलीकडच्या टोकाला नारळीची मुळं पाण्यात लोंबताना मी स्वतः बघितली आहेत. फक्त या खड्ड्यात तो आपल्या पायांनी आला नव्हता. मी आणला होता.

तेबुआईनं ते त्यांच्या भाषेत सांगितलं. त्या गावात एक फार म्हातारा गृहस्थ होता. कुणीही अधिकारी समुद्राचं बोलायला आला की तो उठून म्हणायचा, देवानं नोहाला वचन दिलंय, पुन्हा जग बुडवणार नाही म्हणून, इंद्रधनुष्य बघा. हसत म्हणायचा, आणि सभा तिथेच संपायची. त्या दिवशी सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. तो उठला नाही. मान खाली घालून चटईची काडी मोडत बसला. बाहेरून आलेल्या साहेबांवर त्याचा विश्वास नव्हता, माझ्यावर होता. मी त्यांच्यात राहिलेला, नेइ रुटाचा मुलगा. माझी मलाच किळस आली, पण तोंड उघडलं नाही.

त्या संध्याकाळी नेइ रुटाच्या ओट्यावर बायका आल्या. एकीनं नारळाचा किसणा मागितला, एकीनं दोरी. ती पळत पळत देत होती. मला तिनं मोठा मासा पाठवला. माझं नाव राखलंस, असा निरोप.

नाव राहिलं, पण गाव राहिलं नाही. मुलगा योआने पुढच्या बोटीनं आला. त्यानं खड्डा बघितला, माझ्याशी बोलला, मी तेच सांगितलं. म्हणाला, "मग आईला इथे ठेवून काय करू? आज खड्डा, उद्या घर." मी म्हणू शकलो असतो, थांब, पंप वर घेतो, दोन पावसाळे दे, पाणी परत गोड होईल. माझ्या तोंडापर्यंत आलंही. त्यानं विचारलं, "तू असतास तर काय केलं असतंस?" मी खांदे उडवले.

घर मोडायला एक दिवस लागला. खांब, छपराचे वासे, चटया, सगळं बोटीवर. घराशेजारी तिच्या नवऱ्याची आणि लहानपणी गेलेल्या एका मुलीची कबर होती, पांढऱ्या खड्यांची. तिथे घराजवळच पुरतात, मेलेल्यांनी एकटं पडू नये म्हणून. नेइ रुटानं खडे एकेक उचलून धुतले, परत लावले, वरून खोबरेल ओतलं. पुटपुटत होती. मी तेबुआईला विचारलं, काय म्हणते? तो म्हणाला, "समुद्र आला की घाबरू नका म्हणते. मी फार लांब नाही म्हणते." राजधानीचं बेट बोटीनं दोन दिवसांवर होतं.

बोटीवर चढताना तिनं माझा हात नाकाला लावून हुंगला, तिथली मायेची रीत. ती गेल्यावर, बोट अजून दिसत होती तेव्हाच, मी कुपात उतरलो आणि पंप चार हात वर घेतला. खालचा भाग वाळूनं बुजवला. अर्ध्या दुपारचं काम. तेबुआईला सांगितलं, पंपाची देखभाल.

मुदत संपल्यावर परत आलो. शहापुरात दुकान उघडलं, पण नवी बोअर घ्यायला मन होईना. मोटरी दुरुस्त करतो. कुणाला काही सांगितलं नव्हतं, सुमनलासुद्धा नाही. तिला वाटलं, बेटावरचं पाणी बाधलं.

आणि यंदा, पोळा होऊन गेल्यावर, तेबुआईनं मोबाईलवर व्हिडिओ पाठवला. बेटावर दोन वर्षं चांगला पाऊस झाला होता. नेइ रुटाचा खड्डा. काठापर्यंत झाडोरा वाढलेला, आणि मधोमध, मेलेल्या टोपल्यांतून, हिरवीगार पानं. कुठलातरी एक कोंब जगला होता. तेबुआई कॅमेऱ्यासमोर ओंजळीनं पाणी पिऊन दाखवत होता. मागे बायका गाणं म्हणत होत्या. त्यानं लिहिलं होतं, "समुद्र परत गेला. चर्चमध्ये मोठी प्रार्थना झाली. तू जाणकार आहेस, समुद्र असा परत जातो का?"

मी मोबाईल घेऊन मोरीत जाऊन बसलो. सुमननं दार वाजवलं, मग उघडलं. त्या दिवशी तिला सगळं सांगितलं. ती धसईजवळच्या पाड्यावरची, लग्नाआधी दोन डोंगर उतरून पाणी आणलेली बाई. तिनं माझ्या हातातला मोबाईल घेऊन व्हिडिओ पुन्हा बघितला. मग म्हणाली, "ती बाय जिती हाय ना अजून?"

"आहे."

"मंग हितं मोरीत कशापायी बसलाव? फोन लावा. सांगा तिला, आय, मी केला. शिव्या घालंल तर खावा. तिचा मानूस पुरलाय तितं. तिला जाऊं द्या घरी."

सकाळचे दहा वाजले होते, तिकडे उन्हं उतरली असणार. योआनेचा नंबर तेबुआईनं दिला. फोन लागला. मागे पोरांचा गलका, मोटरसायकली, कुणीतरी भांडत होतं. राजधानीच्या बेटावर घराला घर खेटून आहे, मी बघितलंय. मी त्याला सगळं सांगितलं. चार हात, कूप, यंत्रावरचा आकडा, मानेआबातलं बोलणं, सगळं. माझं इंग्रजी मोडकं, पण त्यानं एकदाही मधे तोडलं नाही.

सगळं ऐकून म्हणाला, "तिकडच्या घराचे खांब या घराला लागले. माझं लग्न इकडे झालं, विकतच्या तांदळावर. परत जायला आता काही नाही." मग म्हणाला, "ती बाबांना सोडून आली ती समुद्रानं काढलं म्हणून. समुद्राशी भांडता येत नाही, म्हणून ती शांत आहे. आता तिला सांगू की एका माणसानं केलं? आणि तो तू? ती रोज रात्री प्रार्थनेत तुझं नाव घेते. सगळ्या गावात हा एकटा खरं बोलला म्हणते. तिला आता चालता येत नाही. तेवढं तिचं तिच्याकडे राहू दे."

सुमन माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती.

तो म्हणाला, "ती इथेच आहे. आवाज ऐकून ओळखलं तिनं. बोल. पण ते नको." आणि फोन तिच्याकडे गेला.

आवाज बारीक झाला होता, पण हसणं तेच. भराभर काहीतरी विचारत राहिली, योआने मागून सांगत होता. जेवलास का. गुडघे कसे आहेत. ती लाल पूड अजून आहे का. मग तिनं एक प्रश्न विचारला आणि तो सांगताना योआने जरा अडखळला.

"विचारते, तुझ्या गावापर्यंत समुद्र पोचला का?"

मी म्हटलं, "नाही. आमचं गाव डोंगरात आहे."

त्यानं तिला सांगितलं. तिनं सुटकेचा श्वास टाकला, तो मला इथे ऐकू आला.

"म्हणते, बरं झालं. तू तरी घर सोडू नकोस."

फोन बंद झाला. सुमननं विचारलं, "सांगितलाव?"

मी म्हटलं, "नाय."